न कळवता गैरहजर

१

ट्रे माझ्या हातातून सुटला तेव्हा तीन कप फुटले, आणि त्यानंतर जी किंकाळी ऐकू आली ती माझी होती.

मी रुल्फीन काम्प्स. एल्मरवेनच्या नगरपालिकेत एकोणतीस वर्षं शिपाई आहे. कॉफी करायची, फायली या दारातून त्या दारात न्यायच्या, लग्नाच्या दिवशी गळ्यात चांदीची साखळी घालून नवरानवरीला आत सोडायचं, ही माझी कामं. किंचाळणं त्यात बसत नाही. पण त्या मंगळवारी पावणेआठला मी सभेच्या खोलीचं दार ढोपराने ढकललं, आणि समोर ओक्के हाम्सिंग टेबलावर पालथे पडलेले. डोक्याची मागची बाजू राहिलीच नव्हती. केस, हाड आणि काळं पडलेलं रक्त, तेही टेबलावरून ओघळून गालिच्यात सुकलेलं. महापौरांची हातोडी मात्र तिच्या ठोकळ्यावर नीट ठेवली होती. दलदलीतून काढलेल्या काळ्या ओकची हातोडी, आणि तिच्या फटीत दोन-तीन पांढरे केस.

आमच्या गावाचा कारभार दर मंगळवारी नऊ वाजता त्या टेबलाभोवती चालतो. महापौर बाई, दोन कारभारी आणि सचिव. कुठलं झाड तोडायचं, बाजारात माशांची गाडी कुठे उभी राहील, कुत्र्यांना कुठे मोकळं सोडायचं. माणसं मारण्याइतकं तिथे काही नसतं असंच मला वाटायचं. आज सभा बाराच्या आत आटपणार म्हणून मी खुशीत गाणं गुणगुणत आले होते.

किंकाळी ऐकून पहिले धावत आले ते सचिव तिम्मरसाहेब. ते रोज आठच्या ठोक्याला येतात, त्या दिवशी जरा लवकरच आले होते. एकदा ओक्केंकडे पाहिलं, पांढरेफटक पडले, आणि खाली बसून चक्क कपाचे तुकडे गोळा करू लागले. बावीस वर्षांत या माणसाने स्वतःचा कप उचलून बाजूला ठेवला नव्हता. ट्रे पालथा होऊन ओक्केंच्या खुर्चीखाली सरकला होता, तिथवर त्यांचा हात गेला. मी त्यांची कॉलर धरून मागे खेचलं. म्हटलं, पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. तोवर त्यांचं बोट कापलं होतं.

पोलिसांना फोन करायला मी बाहेर वळले आणि जागच्या जागी थिजले. फरशीवर रक्ताचे थेंब होते, पार फुटलेल्या काचेच्या दारापर्यंत. ते कुणाचे, हे मला कालपासून ठाऊक होतं.

२

इन्स्पेक्टर फोप्पे यांसमा शेजारच्या फ्रिजलंड प्रांताचे. आमच्याकडे फ्रिजलंडच्या माणसाला आधी टोमणा मारतात, मग खुर्ची देतात. मी टोमणा विसरले. त्यांनी कोटाच्या खिशातून चीज घातलेला पाव काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाले, खा आणि मग सांगा.

डॉक्टरांचं म्हणणं, मरण सोमवारी पाच ते साडेसहाच्या मध्ये आलं. घाव तीन, तिन्ही मागून. सफाईवाले येतात बुधवारी आणि शुक्रवारी. ओक्केंची बायको जाऊन तीन वर्षं झालेली, त्यामुळे सहा वाजता जेवायला कोण आलं नाही हे बघणारं घरी कुणी नव्हतं.

मग मी सोमवारचं सांगितलं. साडेचारला बेरेंड आला. कालव्यावर बोट बांधून अठ्ठावीस वर्षं राहतो. बोटीचं नाव त्रिन्त्ये, आमच्या आईचं. त्याला पत्र गेलं होतं की त्याचा बोट बांधायचा परवाना रद्द करायचा प्रस्ताव मंगळवारी सभेपुढे आहे. पत्राखाली नाव ओक्केंचं, कारण पाण्याचं खातं त्यांच्याकडे. बेरेंडने बोटीचा लोखंडी आकडा घालून काचेचं दार फोडलं, काचेत मूठ कापून घेतली, आणि ओक्केंचा गळा धरून त्यांना भिंतीवर आपटलं. ‘माझी बोट हलवलीस तर डोकं फोडीन तुझं,’ असं तो म्हणाला. मी आणि तिम्मरसाहेबांनी त्याला ओढून काढलं. ओक्के गळा चोळत एवढंच म्हणाले, ‘बेरेंड, मंगळवारी बोलू.’ तो थुंकून निघून गेला. मी काचा झाडल्या आणि पाचला घरी गेले.

हे सगळं मी शब्दन् शब्द सांगितलं. खोटं बोलायला मला कुणी शिकवलंच नाही, आणि त्याचा इतका पश्चात्ताप मला आयुष्यात झाला नव्हता.

यांसमांनी वही मिटली. ‘हा बेरेंड काम्प्स तुमचा कोण?’

‘धाकटा भाऊ,’ मी म्हटलं.

त्यांनी उरलेला पावही माझ्यापुढे सरकवला आणि चार माणसं कालव्यावर पाठवली.

३

मी सायकल हाणत पोचले तेव्हा मारामारी सुरू झाली होती. बेरेंडने वल्ह्याने एका पोलिसाचं नाक फोडलं. दुसऱ्याच्या पोटरीला त्याची कुत्री लोंबकळत होती. तिच्या डोळ्यांत त्यांनी तिखट फवारलं, ती पोर रडावी तशी केकाटली. मग तिघांनी मिळून बेरेंडला बोटीवर पालथा पाडला, एकाने पाठीत गुडघा रोवला, आणि खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला.

त्याला घेऊन जाताना तो माझ्यासमोर थांबला. ओठ फाटला होता.

‘तू सांगितलंस?’

मी हो म्हटलं.

‘मग आता बोटही तूच सांभाळ,’ म्हणाला आणि रक्त थुंकला.

सांभाळणार कसली? दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोटीची खिडकी दगडाने फोडली आणि दारावर लाल रंगाने ‘खुनी’ लिहिलं. तो विषय पुढच्या मंगळवारी पुन्हा सभेपुढे येणार होता. एकदा मंजूर झाला की बोट ओढून नेणार आणि तो सुटून आला तरी त्याला घर नाही. आणि सुटणार तरी कसा? धमकी त्याची, रक्त त्याचं, साक्ष सख्ख्या बहिणीची. रात्रभर मी स्वतःच्या जिभेला शिव्या घातल्या.

४

बुधवारपासून यांसमांनी पालिकेच्या खानावळीच्या कोपऱ्यात बैठक मांडली आणि एकेकाला बोलावलं. कॉफी मीच देत होते. कॉफीबरोबर प्रत्येकाला एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद. आमच्याकडे तशीच रीत आहे. शिपायाला कुणी माणसात मोजत नाही, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच बोलले.

आधी त्यांनी सभेच्या सातव्या विषयाची, म्हणजे बेरेंडच्या परवान्याची फाइल उघडली. प्रत्येक फायलीवर एक कागद असतो. त्यावर दोन्ही कारभारी आणि महापौर ‘मान्य’ तरी लिहितात नाहीतर ‘बोलू’. सगळ्यांचं मान्य असलं की महापौर हातोडी आपटतात आणि विषय बिनबोभाट मंजूर. त्याला आम्ही हातोडीचा विषय म्हणतो. एकानेही ‘बोलू’ लिहिलं की चर्चा. ओक्के जुने मास्तर, ते बाकाच्या रंगावरसुद्धा ‘बोलू’ लिहायचे. नाव ओक्के आणि उभ्या जन्मात कशाला ओके म्हटलं नाही, असं सगळे हसायचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. सातव्या विषयावर त्यांनी लिहिलं होतं : ‘बोलू. काहीही झालं तरी बोलू.’

महापौर अलैडा बाई रडून लाल झाल्या होत्या. मार्चमध्ये भर सभेत त्या म्हणाल्या होत्या की हा माणूस मेल्याशिवाय माझं बाराचं सूप काही गरम मिळायचं नाही. ते त्यांनी आपणहून सांगितलं. सोमवारी पाचला त्या एका आजीबाईंच्या शंभराव्या वाढदिवसाला गेल्या होत्या. केकचे दोन तुकडे खाल्ले, तीस माणसांनी पाहिलं. जाता जाता त्यांनी नियम समजावला. कारभारी कळवून गैरहजर राहिला तर त्याचं लिहिलेलं ‘बोलू’ टिकतं, न कळवता राहिला तर ते बाद. ‘पण ओक्के तापातसुद्धा यायचे हो,’ म्हणाल्या आणि पुन्हा रडल्या.

दुसरा कारभारी योरिट स्टेल, वय चौतीस, गावाला सुधारून सोडणार म्हणून उतावीळ. बोटीच्या जागी सिमेंटचा धक्का बांधायची योजना त्याचीच. सोमवारी कुठे होतास विचारलं तर म्हणाला, भाज्या शिजवायच्या वर्गाला. वर्ग नव्हताच त्या दिवशी. यांसमांनी चार तास त्याला सोलला तेव्हा कुठे कबूल झाला. गावात ‘मांसाविना सोमवार’ ही मोहीम याने काढली, आणि स्वतः मात्र शेजारच्या गावात टपरीमागे उभा राहून मांसाचे तळलेले दोन क्रोकेट हाणत होता. टपरीवालीने ओळख पटवली, म्हणाली दर सोमवारी येतो. मी दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

‘पण ती टपरी साडेपाचची,’ यांसमा म्हणाले. ‘पाच ते साडेपाच कुठे होतास ते अजून आलं नाही.’

स्टेलच्या कपाळावर घाम आला.

५

तिम्मरसाहेब शांत होते. बोटाला पट्टी होती. सोमवारी मी गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या निर्णयांची कच्ची यादी केली, माझ्या कप्प्यात ठेवली, आणि सहाच्या आत बायकोच्या बटाट्यांपुढे हजर झाले. निघताना बेरेंडची सायकल भिंतीला टेकलेली दिसली, असंही म्हणाले.

ही यादी म्हणजे त्यांचा धर्म. सभा व्हायच्या आधीच सगळं लिहून तयार : हजर कोण, गैरहजर कोण, कुठले विषय हातोडीचे, कुठल्यांवर बोलायचं. सभेत फक्त त्याबरहुकूम व्हायचं. बावीस वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता, लेकीच्या लग्नाचाही नाही. त्यांनी एक स्वच्छ प्रत यांसमांपुढे ठेवली. हजर चौघे, सातवा विषय चर्चेला. ‘मी स्वतः तो विषय चर्चेला ठेवला होता,’ म्हणाले. ‘तुमच्या भावाने एक दिवस धीर धरायला हवा होता, रुल्फीन.’

 बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं आणि अगदी सहज विचारलं, ‘मंगळवारी सकाळी माझी यादी कप्प्यातून घेतली होतीत का तुम्ही?’

मला खरंच आठवत नव्हतं. त्या सकाळचं मला ओक्केंचं डोकं तेवढं आठवत होतं. तसं सांगितलं.

‘असू द्या,’ ते म्हणाले. ‘काही गोष्टी विसरलेल्याच बऱ्या.’

गुरुवारी संध्याकाळी पाचला मी घरी निघाले. जलद्वाराच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला तर तो मुठीत नुसताच ढिला आला. मी कठड्यावर आदळले, गुडघा हाडापर्यंत फाटला, दोन दात सैल झाले. खाली पाण्याचे दरवाजे उघडे होते, चार बोटांनी वाचले. लोकांनी उचललं. एकजण पुटपुटला, खुन्याच्या बहिणीचं असंच व्हायचं.

सायकलवाल्याने ब्रेकची तार दाखवली. ती झिजून तुटलेली नव्हती, पकडीने कापलेली होती.

६

शुक्रवारी लंगडत ठाण्यात गेले. बेरेंडचा हात गळ्यात बांधलेला, तोंड भिंतीकडे. मी माझा गुडघा दाखवला तेव्हा तो वळला.

‘कोणी केलं?’ म्हणाला. ‘सांग, त्याचे हात उपटतो.’

‘आहेस तिथे बस,’ मी म्हटलं. ‘हात उपटून उपटूनच इथे आलास.’

मग तो बोलला. वसंतात त्याने बोटीचा कुजलेला खुंट काठातून उपटला, तेव्हा मातीतून राखाडी पत्र्याचे तुकडे निघाले, तंतू तंतू सुटलेले. त्याने ते बिस्किटाच्या डब्यात भरून ओक्केंना दिले. ओक्केंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगू नकोस, मंगळवारी बोलू, एवढंच म्हणाले. मग चार महिने मंगळवार काही उगवला नाही, आणि आलं ते परवाना रद्द करायचं पत्र. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने आपल्याला वेड्यात काढलं.

यांसमांना तो डबा ओक्केंच्या घरी सापडला, तपासणीच्या अहवालासकट. अ‍ॅस्बेस्टॉस. तीस वर्षांपूर्वी जुनी शाळा पाडली तेव्हा तिचा विषारी राडारोडा लांब नेऊन पुरायचा होता. तो नेलाच नाही, कालव्याच्या काठात दाबला आणि वरून माती ओढली. त्याच मातीत नंतर शाळेची बाग केली. ओक्केंची बायको यान्ना तिथे सव्वीस वर्षं पोरांना गाजरं लावायला शिकवत होती. तिच्या फुप्फुसाला जो रोग झाला तो याच धुळीने होतो.

‘सिमेंटचा धक्का झाला असता तर सगळं कायमचं झाकलं असतं,’ यांसमा म्हणाले. ‘आणि चर्चा झाली असती तर सगळं बाहेर. राडारोडा नेला असं तेव्हा कागदावर लिहून कोणी दिलं?’

मी म्हटलं, त्या कामाचा ठेकेदार स्टेलचा बाप. पालिकेकडून बांधकाम खात्यात तेव्हा तिम्मरसाहेब होते. महापौर बाई तेव्हा दुसऱ्याच गावात होत्या.

त्यांनी जुन्या शाळेची फाइल मागवली. कपाटात तिची जागा रिकामी होती.

७

सोमवारी महापौर बाई म्हणाल्या, उद्या सभा घ्यावीच लागेल, तू फुटलेल्या कपांऐवजी नवे मागव. मी कपाट उघडलं. बारा कपांचा संच, नऊ उरलेले. मागणीच्या कागदावर मी आकडा लिहिला : तीन.

आणि तो तीन माझ्याकडे बघत राहिला.

तीनच का? टेबलाला बसतात चौघे. एकोणतीस वर्षांत मी मंगळवारी चारपेक्षा कमी कप नेले ते फक्त कुणी गैरहजर असेल तेव्हा. आणि कप किती न्यायचे हे मी मनाने ठरवत नाही, यादी बघून ठरवते. मग एकदम सगळं आठवलं. कप्प्यातून यादी घेतली, नावं मोजली, हजर तिघे. ओक्के येणार नाहीत म्हटल्यावर मनात म्हणाले होते की चला, सुंठीवाचून खोकला गेला, आज सूप गार होणार नाही. म्हणून तर गुणगुणत होते मी! आणि यादीचा कागद ट्रेमध्ये अंथरला होता, कप घसरू नयेत म्हणून. ते मी नेहमीच करते.

मी कोट न घालताच ठाण्यात गेले. यांसमांनी मुद्देमालाची पिशवी उघडली. कपाचे तुकडे, पालथा ट्रे, आणि ट्रेच्या तळाला चिकटलेला एक कागद, कॉफीने आणि रक्ताने तपकिरी झालेला. त्यांनी तो चिमट्याने सोडवला आणि दिव्याखाली धरला.

दोनदा वाचला. मग मला म्हणाले, ‘उद्या सभेला किती कप लावणार आहात?’

‘तीन,’ मी म्हटलं. ‘महापौर, स्टेल आणि सचिव.’

‘चार लावा. मी येतोय.’

८

मंगळवारी नऊ वाजता तिघे बसले. गालिचा काढून टाकला होता, फरशी उघडी. काळी हातोडी पोलिसांकडे, म्हणून तिम्मरसाहेबांनी भांडारातून एक लोखंडी हातोडी आणून महापौरांपुढे ठेवली होती. यांसमा ओक्केंच्या खुर्चीवर बसले. मी ट्रे घेऊन दारापाशी उभी राहिले. बिस्किटं वाटून झाली होती.

यांसमांनी आधी स्टेलकडे पाहिलं. ‘पाच ते साडेपाच तू टपरीच्या रांगेत होतास. टपरीवाली म्हणते, दोन क्रोकेट संपले आणि तू नवीन तळून होईपर्यंत थांबलास. उगाच घाम गाळलास.’

मग त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. एक स्वच्छ, एक डागाळलेला.

‘तिम्मरसाहेब, याद्या तुम्ही नेहमी सोमवारी करता. तुम्ही मला दिलेली ही स्वच्छ यादी. खाली छापल्याची वेळ आहे, मंगळवार सकाळी सात एकेचाळीस. म्हणजे खून उघड व्हायच्या चार मिनिटं आधी. आणि ही दुसरी यादी रुल्फीनबाईंच्या ट्रेमधली. छापल्याची वेळ सोमवार, पाच एकोणपन्नास. हीच खरी. हिच्यात ओक्के गैरहजर आहेत आणि सातवा विषय हातोडीचा.’

तिम्मरसाहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, ओक्केंनीच त्यांना सांगितलं होतं की उद्या यायला जमणार नाही. मारामारीने थकले होते बिचारे.

‘शक्य आहे,’ यांसमा म्हणाले. ‘बाई, मोठ्याने वाचा. त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय?’

महापौर बाईंनी चष्मा लावला. ‘ओ. हाम्सिंग,’ त्यांनी वाचलं, ‘न कळवता गैरहजर.’

यांसमांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते कळवून गैरहजर,’ यांसमा म्हणाले. ‘आणि सांगितलं नसेल, तर ते येणार नाहीत हे आदल्या दिवशी कुणाला कसं कळेल? उद्या एक माणूस न कळवता येणार नाही, हे आज फक्त एकालाच ठाऊक असतं. पण तुम्हाला तेच लिहावं लागलं. कळवून म्हटलं असतं तर त्यांचं ‘बोलू’ टिकलं असतं आणि विषय चर्चेला आला असता. शाळेच्या राडारोड्याचा तो कागद तुम्हीच लिहून दिला होता ना?’

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं आलं. ओक्के फाइल उघडून बसलेत, तिम्मरसाहेब मागे उभे राहून म्हणतायत मान्य लिहा, ओक्के म्हणतायत बोलू. मग तीन घाव. मग हात धुऊन आपल्या खोलीत, नेहमीची यादी, नियमात बसेल अशी. सवयीचे गुलाम. घरी बटाट्यांपाशी बसल्यावर ध्यानात आलं असेल काय लिहून बसलो ते. म्हणून सकाळी लवकर आले, नवी यादी छापली, पण माझा कप्पा रिकामा होता. म्हणून कपाचे तुकडे. म्हणून माझा ब्रेक.

‘त्याला हजार वेळा सांगितलं,’ तिम्मर म्हणाला. साहेब म्हणायचं मी तिथेच सोडलं. ‘यान्ना गेली आता. खणून कोण परत येणार आहे?’

आणि त्याने महापौरांपुढची लोखंडी हातोडी उचलली. यांसमांवर घातली नाही, माझ्यावर घातली. मी ट्रे पुढे केला, ट्रे दुमडला आणि माझं मनगट त्याच्यासकट मोडलं. दुसरा घाव कानाजवळून गेला, दाराची चौकट फुटली. मग स्टेलने, त्या पोराने, अख्खी खुर्ची त्याच्या पाठीवर हाणली. यांसमांनी त्याचं तोंड टेबलावर दाबलं, बरोबर जिथे ओक्केंचं पडलं होतं तिथे, आणि तो उठू लागला तेव्हा पुन्हा आपटलं. दात पडला. मला वाईट वाटलं नाही, उगाच का खोटं बोलू?

आमच्याकडे पुढे ढकललेल्या विषयाला आणि पोलिसांनी पकडलेल्या माणसाला एकच शब्द आहे : धरून ठेवला. महापौर बाई म्हणाल्या, ‘सातवा विषय धरून ठेवला.’ यांसमा बेड्या अडकवत म्हणाले, ‘सचिवही.’

९

सभा गुरुवारी पुरी झाली. सचिव नाही म्हणून यादी लिहायला मला बसवलं, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने. अक्षर कोंबडीचे पाय.

हजर दोघे, लिहिलं. गैरहजर, ओ. हाम्सिंग. तिथे माझा हात थांबला.

‘कळवून की न कळवता?’ मी विचारलं.

महापौर बाईंनी फाइल ओढली आणि वरचा कागद बराच वेळ पाहिला. काहीही झालं तरी बोलू.

‘यापेक्षा जास्त माणसाने काय कळवायचं?’ त्या म्हणाल्या. ‘लिही, कळवून.’

मी लिहिलं. कागद ओला झाला, तो तसाच ठेवला.

मग ज्याच्या बोटीचा विषय त्याला बोलावलं. बेरेंड फुटलेल्या दारातून आला, तिथे अजून फळीच ठोकलेली आहे. खांदा बांधलेला, दाढी वाढलेली, मागे कुत्री. त्याने खोलीभर पाहिलं, ओक्केंच्या खुर्चीकडे जास्त वेळ. तिसरा कप माझा होता, चौथा मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने माझं प्लास्टर पाहिलं, माझी बाही चिमटीत धरली आणि सोडली नाही.

‘बरं,’ महापौर बाई म्हणाल्या. ‘सातवा विषय. बोलू.’

दुपारी तीन वाजेपर्यंत बोलले. सूप गार झालं, मी पुन्हा गरम केलं, ते पुन्हा गार झालं. बेरेंडला मी दोन बिस्किटं दिली आणि डब्याचं झाकण उघडंच ठेवलं.